डिस्कला लेथ मारायची एवढी घाई कशाला?

ब्रेक पॅड बदलले की डिस्कलाही लेथ मारायचा, असा एक अलिखित नियम आपल्याकडे होऊन बसलाय. माझं मत विचाराल तर हा नियम भंगारात काढायला हवा. मोजल्याशिवाय डिस्क घासू देऊ नका. पण मोजल्याशिवाय "चालतंय की" म्हणून जुनी तशीच ठेवूही नका.

गेल्याच महिन्यात एका गॅरेजमधला हा संवाद (नाव राहू दे).

"साहेब, पॅड नवे टाकतोय, तर टर्निंग पण करून घेऊ. नाहीतर आवाज येईल."

"आत्ता जाडी किती आहे?"

"चांगली आहे हो!"

आता 'चांगली' हे कुठलं माप? मायक्रोमीटर तिथे नव्हताच. आणि व्हर्नियरवर भागत नाही, कारण झिजलेल्या डिस्कच्या कडेला उंचवटा राहतो आणि व्हर्नियर त्याचीच जाडी दाखवतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपला दांडी मारली नसेल तर हे आठवेल!

डिस्कवर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेलाच असतो. समजा नवी डिस्क 22 मिलीमीटरची आणि मर्यादा 20. म्हणजे आयुष्य 2 मिलीमीटरचं. दोन्ही बाजूंनी 0.3 घासलं की 0.6 गेले. गाडी इंचभरही न चालवता जवळजवळ एक तृतीयांश आयुष्य खलास, वर मजुरी आपणच द्यायची.

प्रश्न फक्त पैशांचा असता तर मी एवढा तावातावाने बोललो नसतो. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. माणसांसकट बाराशे किलो धरा. साधारण 65 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. काही वारा खातो, खालच्या गिअरात असाल तर काही इंजिन खातं, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. डिस्क जितकी पातळ, तितकी ती लवकर तापणार. आणि पॅड फार तापले की पकड सुटते. घाटात, मागच्या सीटवर आई-बाबा बसलेले असताना!

"पण पेडल थरथरतं त्याचं काय?" रास्त प्रश्न. डिस्क 'वाकली' असं सरसकट म्हणतात, पण बऱ्याचदा जाडी सगळीकडे सारखी नसते किंवा पॅडचा थर असमान बसलेला असतो. कधी हबवरच्या गंजामुळे डिस्क फिरताना डुलते. तेव्हा आधी हब साफ करा, डायल गेज लावा. हबवर गंज तसाच ठेवून डिस्क घासली, तर काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत हजर.

लेथ कधीच नको असं माझं म्हणणं नाही. खोल चरे असतील, थरथर मोजून सिद्ध झाली असेल आणि घासूनही जाडी मर्यादेच्या बऱ्यापैकी वर राहणार असेल, तर जरूर मारा. मर्यादेच्या जवळ आली असेल तर नवी टाका, दोन्ही बाजूंची जोडीनेच. आणि डिस्क गुळगुळीत, जाड, न डुलणारी असेल तर साफ करा, नवे पॅड बसवा, रिकाम्या रस्त्यावर बेताचे ब्रेक मारत ते नीट बसू द्या. विषय संपला.

चालत्या कोडला कारणाशिवाय हात लावणाऱ्याला आपण ऑफिसात फाडून खातो. मग ब्रेकच्या बाबतीत "करून टाका" का म्हणतो? पुढच्या वेळी गॅरेजमध्ये एकच प्रश्न विचारा: "आकडा किती?" उत्तर मिळालं नाही, तर किल्ली परत घ्या.