छातीवरचं नाव कोणाचं?

आयपीएलच्या नाहीतर भारतीय संघाच्या प्रायोजकांवर बहिष्कार टाका, अशी हाक आपल्याकडे अधूनमधून उठते. हाक देणाऱ्याच्या घरात टाकून देण्यासारखं काहीतरी असतं: फोन, टीव्ही, एखादी महागडी वर्गणी. मी तलासरी तालुक्यात राहतो आणि शिकवतो. इथल्या पाड्यांवरची पुष्कळ पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात. जरा मोठी झाली की उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला लागतात. बहिष्कार टाकावा अशी खरेदीच त्यांच्याकडे नसते. तरीही माझं म्हणणं असं, की या बहिष्काराचा पहिला हक्क त्यांचा आहे. आणि तो कसा टाकायचा, हे डहाणू-तलासरीला मुंबई-पुण्याहून जास्त ठाऊक आहे.

मुंबई-पुण्याचा बहिष्कार कसा झाला, ते आधी पाहू. १५ जून २०२० ला गलवानमध्ये २० भारतीय जवानांना वीरमरण आलं. तेव्हा आयपीएलचा मुख्य प्रायोजक विवो ही चिनी मोबाइल कंपनी होती. ऑगस्टच्या आरंभी प्रायोजक आहेत तेच राहणार अशी बातमी आली, गदारोळ झाला, आणि ६ ऑगस्टला त्या वर्षापुरता विवोचा करार स्थगित झाला. फटाके वाजले. बारा दिवसांनी ती जागा ड्रीम इलेव्हननं २२२ कोटींना घेतली. या कंपनीतही टेन्सेंट या चिनी कंपनीचा पैसा होता, पण तेव्हा कोणी फोन फोडला नाही. पुढच्या वर्षी विवो परत आली, तेव्हा गदारोळ करणारे सामना बघत होते.

म्हणजे देशाभिमानानं काय साधलं? फोन विकणारा गेला आणि पैसे लावायला लावणारा आला. फोन विकत घेतला तर निदान हातात राहतो. ॲपचं गणित निराळं. प्रवेश फी भरायची, कागदावरचा संघ जुळवायचा. जमलेल्या फीमधून कंपनी स्वतःचा वाटा आधी काढून घेणार आणि उरलेल्याचं बक्षीस वाटणार. सगळ्यांनी मिळून भरलं, त्याहून सगळ्यांना मिळून कमीच परत येणार. न्यायालयांनी याला कौशल्याचा खेळ म्हटलं. असेलही. पण भट्टीच्या मालकाकडून घेतलेल्या उचलीतले पन्नास रुपये गेले, तर ते कौशल्यानं गेले की नशिबानं, यानं डोक्यावरचं कर्ज बदलत नाही. माझ्या ओळखीतल्या एका पोरानं असल्याच एका ॲपवर कारखान्याचा महिन्याचा पगार घालवला. घरी सांगितलं, ठेकेदारानं दिला नाही. बाप ठेकेदाराशी भांडायला गेला, तेव्हा खरं काय ते कळलं. त्या पोराला हे ॲप कोणी दाखवलं? त्याच्या लाडक्या खेळाडूच्या छातीनं.

इथे बहिष्काराचं मूळ गणित चुकतं. आपण समजतो की प्रायोजक माल विकतो आणि आपण गिऱ्हाईक. पण सामना बघताना आपणच माल असतो. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. ही किंमत चेंडूफळीची नव्हे, बघणाऱ्या डोळ्यांची. त्यात पाड्यावर एका फोनभोवती बसलेल्या सहा पोरांचे बारा डोळेही आले. ते विकले गेले, आणि त्यांना एक पैसा मिळाला नाही. उलट त्यांच्याकडूनच फी घेतली.

फुकट राबवून घेणं या मुलखाला नवं नाही. त्याला इथे वेठ म्हणत. ती मोडली १९४५ मध्ये. २३ मेला झरीला वारल्यांची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. वेठ करायची नाही, एवढा साधा ठराव. मग गवत कापणीच्या हंगामात ५०० पौंड गवताला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा उचलायचा नाही, असं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी माणसं मेली. तरी संप टिकला. त्या वारल्यांनी कोणत्या मालावर बहिष्कार टाकला? कोणत्याच नाही. विकत घ्यायला त्यांच्याकडे पैसेच नव्हते. सावकाराला त्यांच्याकडून जे हवं होतं, तेच त्यांनी रोखून धरलं. सावकाराला हात हवे होते. प्रायोजकाला डोळे हवेत.

यावर ठरलेला आक्षेप: प्रायोजक गेला तर खेळ मरेल. सप्टेंबर २०२५ आठवा. ऑगस्टमध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, भारतीय संघाच्या छातीवरून ड्रीम इलेव्हन उतरलं, आणि संघ आशिया चषक कोऱ्या छातीनं खेळला. २८ सप्टेंबरला पाकिस्तानला हरवून जिंकलाही. कोरा शर्ट म्हणून कोणाचा झेल सुटला नाही.

दुसरा आक्षेप: कायदा आला, आता कशाला? कायद्यानं ॲप बंद होतं, जागा रिकामी राहत नाही. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे. तरी गुजरातकडून येणारा साठा आमच्या महामार्गावर पकडल्याच्या बातम्या थांबत नाहीत. आणि संध्याकाळी सामन्याच्या दोन षटकांमध्ये तेच ब्रँड वेलचीचं रूप घेऊन येतात. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याला आयपीएलला पत्र लिहून तंबाखू-दारूच्या अशा आडवळणाच्या जाहिराती थांबवा म्हणून सांगावं लागलं. पत्रानं थांबत असतं, तर वेठही अर्जानं थांबली असती.

म्हणून सुरुवात घरच्या मैदानापासून करू. कापणीनंतर मोकळ्या शेतांत टेनिस बॉलचे सामने आमच्याकडे गावोगाव भरतात. टी-शर्ट, चषक, मंडप कोणीतरी देतो, आणि त्याचं नाव पोरांच्या पाठीवर चढतं. सामने भरवणाऱ्या मंडळांनी एवढंच ठरवावं: पैसे लावायला लावणारा, व्यसन विकणारा आणि मजुरी बुडवणारा ठेकेदार, या तिघांचं नाव आमच्या पाठीवर नाही. चेंडू आणि स्टंप वर्गणीतून येतात. चषक लहान आला तरी चालेल. हे दोन्ही तालुके पेसाखाली येतात. मादक पदार्थांच्या विक्रीबद्दल बोलायचा अधिकार ग्रामसभेला तिथे आहेच. वेलचीचा फलक मैदानावर नको, हा ठराव करायला दिल्लीची वाट कशाला बघायची?

आणि शहरातल्या वाचकांनो, पुढच्या वेळी बहिष्काराची हाक द्याल तेव्हा कंपनी कोणत्या देशाची, एवढ्यावर थांबू नका. ती कोणाच्या खिशातून पैसे काढते, तेही विचारा. त्या खिशाचा मालक बहुधा तुमच्या सोसायटीचं बांधकाम करत असेल, आणि रात्री तुमच्यासारखाच सामना बघत असेल. त्याला सोबत घेतलंत, तर प्रायोजक खरंच घाबरेल.