जुलाबावरची ‘स्ट्राँग गोळी’

पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावात पावसाळा लागला की औषधांच्या दुकानात एक मागणी हमखास ऐकू येते : ‘जुलाबावर एखादी स्ट्राँग गोळी द्या.’ ही मागणी मला धोक्याची वाटते. का, ते पाहू.

पटकीच्या जंतूचे नाव व्हिब्रिओ कॉलरी. गंमत अशी, की त्याच्या विषाची जनुके मुळात त्याची नाहीतच. ती त्याच्यात शिरलेल्या एका विषाणूने आणली. औषधांना दाद न देण्याची जनुकेही तो दुसऱ्या जंतूंकडून अशीच उसनी घेतो. १९९२ साली मद्रासमध्ये पटकीचा ओ-१३९ हा नवा प्रकार आढळला. त्याच्यात एसएक्सटी नावाचा जनुकांचा एक गठ्ठाच सापडला. सल्फा, ट्रायमेथोप्रिम, स्ट्रेप्टोमायसिन व क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांपासून संरक्षण त्या एका गठ्ठ्यात! आणि हा गठ्ठा एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

दुसरी वाट बारीकशा बदलाची. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे औषध जंतूच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या प्रथिनाला जखडते. त्या प्रथिनात ८३ व्या जागी सेरीनऐवजी आयसोल्युसीन आले की औषधाची पकड ढिली पडते. आपल्याच यवतमाळच्या साथीतील जंतूंवर या औषधाचा प्रभाव कमी पडत असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. साथ ओसरल्यावरही ते जंतू तेथे टिकून होते.

‘जंतू शहाणा झाला’ असे अशा वेळी म्हणतात. मला ते पटत नाही. बदल आपोआप, अधूनमधून घडतच असतात. गोळी न बदललेल्यांना मारते आणि बदललेल्यांना रान मोकळे करून देते. आपल्या आतड्यातील निरुपद्रवी जंतूंतही हीच निवड होते, आणि उसनवारी तेथूनच चालते.

पटकीत माणूस दगावतो तो अंगातील पाणी व क्षार गेल्यामुळे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. गंभीर रुग्णाला सलाईन आणि डॉक्टरांनी ठरवलेले प्रतिजैविक लागते, हे खरेच. साध्या जुलाबाला ओआरएसची पुडी पुरते.

शिक्षकांनी ती एकदा वर्गात तोलून दाखवावी. १ लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. बेरीज २०.५ ग्रॅम येते. पुडीवरचा आकडा ताडून पाहा.