सब्र यात्रेकरूने करायचा, हिशेब कोणी द्यायचा?

उमराहहून परतलेल्या माणसाकडून आपण दुआ घेतो, जमजम आणि खजूर घेतो. खोली कशी मिळाली, हे कोणी विचारत नाही. विचारलेच, तर तो म्हणतो, 'अल्लाहच्या घरी गेलो होतो, तक्रार कशाला?' याच वाक्यावर काही टूरवाल्यांचा धंदा चालतो.

माझ्या खाला गेल्या वर्षी जाऊन आल्या. पत्रकात हॉटेल 'हरमपासून 500 मीटर' होते. प्रत्यक्षात ते मिसफलाच्या चढावर, बरेच आत निघाले. खोलीत चौघी ठरल्या होत्या. पाचवा पलंग दाराला चिकटून लावला होता. न्हाणीघरात पाणी तुंबलेले, त्यातच उभे राहून वुजू. सई म्हणजे सफा-मरवाच्या 7 फेऱ्या, जवळजवळ 3 किलोमीटर चाल. ती करून आलेल्या 65 वर्षांच्या बाईने लिफ्टसाठी अर्धा तास ताटकळायचे. रिसेप्शनवरचा म्हणाला, 'एजंटला विचारा.' एजंट फोन उचलेना. आणि सोबतचे मौलाना म्हणाले, 'सब्र करा, सवाब मिळेल.'

ऊन, गर्दी, आजारपण यांवर सब्र जरूर करावा. पण चौघींच्या खोलीचे पैसे घेऊन पाच जणी कोंबणे ही अल्लाहने घेतलेली परीक्षा नव्हे, ती माणसाने केलेली लबाडी आहे. मापात खोट करणाऱ्यांवर कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे. वरून कोरडे आणि आतून भिजलेले धान्य विकणाऱ्याला पैगंबरांनी (स.) भर बाजारात जाब विचारला होता. गिऱ्हाइकाला सब्र करायला सांगितले नव्हते.

'स्वस्त पॅकेजमध्ये आणखी काय मिळणार?' असे विचारले जाते. स्वस्त द्या, पण खरे सांगून द्या. पाच जणांची खोली, दीड किलोमीटर चाल, असे लिहा. लोक आपले ठरवतील. मात्र पत्रकात हॉटेलच्या नावापुढे बारीक अक्षरात 'किंवा तत्सम' लिहायचे आणि तिथे गेल्यावर तेच पुढे करायचे, हा कुठला इमानदार व्यापार?

'आपलीच माणसं आहेत, बदनामी होईल' हाही एक युक्तिवाद. मुसलमान म्हणून कोणी घर नाकारले, तर आपण आवाज उठवतो आणि तो उठवलाच पाहिजे. मग दाढीवाल्या व्यापाऱ्याने मुसलमान म्हातारीला फसवले, की आवाज का बसतो?

ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी हॉटेलचे नाव, खोलीतील पलंग, पायी अंतर आणि ठरल्याप्रमाणे न मिळाल्यास परतावा, हे सारे लेखी घ्या. पावती जपा, खोलीचे फोटो काढा.

मशिदीच्या विश्वस्तांनाही एक विनंती. टूरचे पोस्टर भिंतीवर लागू देण्यापूर्वी मागच्या वर्षी त्याच टूरने गेलेल्या चार म्हाताऱ्यांना बोलावून विचारा. हज-उमराहचा पैसा अनेकांनी आयुष्यभर पैपै करून साठवलेला असतो. ती अमानत आहे. अमानतीचा हिशेब मागणाऱ्याला बेसब्र म्हणणे थांबवा.