लेझर सांगेल बॅगेत काय आहे. पण यंत्र पेठेत कधी येणार?

१० जुलै २०१४. फरासखाना पोलीस ठाण्याच्या पार्किंगमध्ये दुचाकीत स्फोट झाला. शनिवार पेठेतून ही जागा चालत काही मिनिटांवर. त्याआधी १३ फेब्रुवारी २०१० रोजी जर्मन बेकरीत ठेवलेल्या बॅगेने १७ जणांचा बळी घेतला. आजही बेवारस बॅग दिसली की पहिला प्रश्न तोच : आत आहे तरी काय?

लेझर कसे ओळखते?

पदार्थावर लेझर टाकला की बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा परत येतो. साधारण कोटीत एखादा फोटॉन मात्र बदललेल्या ऊर्जेने परततो. हा बदल रेणूंच्या कंपनांवर ठरतो. म्हणून आरडीएक्स, टीएनटी आणि साखर यांचे 'ठसे' वेगवेगळे दिसतात. सर सी. व्ही. रमण यांनी १९२८ मध्ये शोधलेला हाच 'रमण परिणाम'. पदार्थाला हात लावायचीही गरज नाही.

पुण्याचा वाटा काय?

डीआरडीओची पुण्यातील 'एचईएमआरएल' प्रयोगशाळा आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 'रेडर-एक्स' हे स्फोटकशोधक यंत्र विकसित केले. मे २०२३ मध्ये पुण्यातच त्याचे अनावरण झाले. त्याच्या डेटा लायब्ररीतील २० स्फोटके ते भेसळ असली तरी ओळखू शकते. यादी वाढवताही येते.

मर्यादा कोणत्या?

लेझर धातूच्या डब्यातून आरपार जात नाही. काही रंगीत पदार्थ स्वतःच चमकतात आणि त्या चमकेत ठसा बुडतो. शिवाय अमोनियम नायट्रेट खतात असते, नायट्रोग्लिसरीन हृदयविकाराच्या गोळीत. त्यामुळे अंश सापडला म्हणजे बॉम्ब सापडला, असे नाही; आणि ज्याच्या हाताला तो लागला तो गुन्हेगार, असे तर मुळीच नाही.

आमचे मत

श्वानाने वास काढावा, लेझरने पदार्थाचे नाव सांगावे आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या पुष्टीनंतरच कोणावर बोट ठेवावे. यात एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही. पण विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता माणसांनी फुललेला असताना नमुना प्रयोगशाळेत पाठवून उत्तराची वाट पाहणे परवडणारे नाही. रमण तंत्राची हातात मावणारी यंत्रे जगभर वापरात आहेत. ज्या शहरात स्फोटकांवर संशोधन होते, त्याच शहराच्या पेठांमधील पोलिसांना गणेशोत्सवाआधी अशी यंत्रे आणि ती वापरण्याचे प्रशिक्षण मिळायला हवे. अनावरणाच्या फोटोने गर्दी सुरक्षित होत नाही.