वार्ताहराची भाकरी

दरवर्षी जानेवारीच्या सहा तारखेस आमच्या वडवणीत पत्रकारदिन साजरा होतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेस हार घालावयाचा, तालुक्यातील वार्ताहरांस शाल व नारळ द्यावयाचा आणि मग एखाद्या प्राध्यापकाने उठून त्यांस ध्येयवादाचा उपदेश करावयाचा, असा या समारंभाचा क्रम ठरून गेला आहे. हे उपदेशकाचे काम आमच्याकडे अनेकदा आले, आणि लाज वाटते ती ही की, आम्ही ते मोठ्या हौसेने केले. १८३२ चे ‘दर्पण’, १८८१ चा ‘केसरी’, १८८८ चा ‘सुधारक’, १९२० चा ‘मूकनायक’ ही नावे एकामागून एक उच्चारली, १८८२ साली टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात काढलेले १०१ दिवस वर्णिले, आणि “कोठे ते आणि कोठे तुम्ही!” असे म्हणून टाळ्या घेतल्या.

अशाच एका समारंभानंतर आमचा एक जुना विद्यार्थी, जो आज एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी आहे, आम्हांस हळूच म्हणाला, “सर, आगरकरांना पगार कुठून मिळायचा?” प्रश्नात उद्धटपणा नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला. उत्तर आम्हांस ठाऊक होते. भाषणात मात्र ते आम्ही कधी सांगितले नव्हते. जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक होते. आगरकर फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक आणि १८९२ पासून प्राचार्य होते. त्यांचा त्याग खरा, त्यांची ओढगस्तही खरी. परंतु चूल पेटविण्याकरिता त्यांना कोणाच्या दारी जाहिरात मागत हिंडावे लागले नाही. आमच्या विद्यार्थ्यास रोज हिंडावे लागते.

त्याची हकिगत त्याच्या एकट्याची नाही. नेमणूकपत्र नाही, ठरलेले वेतन नाही. मिळते ते जाहिरातींवरील कमिशन. दिवाळी, प्रजासत्ताकदिन, पत्राचा वर्धापनदिन, पुढाऱ्याचा वाढदिवस अशा प्रत्येक प्रसंगी पुरवणी निघते आणि तिच्यासाठी किती रुपयांच्या जाहिराती आणावयाच्या, तो आकडा वरून येतो. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली वैध ठरविल्या. पण हा सारा लाभ, पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय व त्या कामावर ज्याची नेमणूक आहे, त्याच्यासाठी. ज्याच्या हाती नेमणुकीचा कागदच नाही, त्याने कोणत्या दारावर जाऊन हक्क सांगावा?

यावर कोणी म्हणेल, पत्र चालवावयाचे तर जाहिरात हवीच. हवीच, ती कोणी नाकारलेली नाही. आमचा आक्षेप जाहिरातीवर नसून, जाहिरातीचे पावतीपुस्तक व बातमीची वही एकाच हाती देण्यावर आहे. तालुक्याच्या गावी जाहिरात देण्याची ऐपत कोणाची? गुत्तेदाराची, पुढाऱ्याची, खासगी दवाखान्याची, फार तर एखाद्या मोठ्या मुकादमाची. म्हणजे ज्यांच्याविषयी बातमी लिहावी लागेल, नेमके तेच! सकाळी ज्याच्या ओसरीवर चहा घेऊन अर्ध्या पानाची याचना केली, त्यालाच संध्याकाळी रस्ता का खचला हे विचारावयाचे, हे धैर्य मागणे म्हणजे नीतिशिक्षण नव्हे, क्रौर्य आहे.

याचे फळ काय, ते आमच्या जिल्ह्यास पुरतेपणी ठाऊक आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. माणसाची गणतीच हत्याराच्या नावाने. फडावर कोपीत राहावयाचे, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा म्हणून दंड भरावयाचा. या खाड्याच्या धाकाने व दवाखान्यांत घातलेल्या भीतीने ऐन तारुण्यात गर्भाशय काढून घेणाऱ्या स्त्रियांची गोष्ट देशभर गाजली ती २०१९ च्या एप्रिलमध्ये एका इंग्रजी अर्थविषयक दैनिकाने छापल्यावर. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे सहांत एक!

याविषयी मराठीत आधी कोणी चकार शब्द काढला नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण १३,८६१ हा आकडा एका वर्षात भरत नाही. त्या साऱ्या वर्षांत या बायका आमच्याच बाजारात, आमच्याच बसस्थानकावर दिसत होत्या, आणि आमच्या पत्रांची पाने ‘हार्दिक अभिनंदन’ व ‘शुभेच्छुक’ यांनी भरून वाहत होती. कोयता जाहिरात देत नाही. बातमीत त्याला जागा न मिळण्याचे कारण इतके साधे आहे.

आणि ही पाने भरली कोणी? दोष केवळ मालकांवर लोटून सुटका होणार नाही. पदोन्नती झाली की मित्रांकडून अभिनंदनाची चौकट छापवून घेणारे आम्ही. चर्चासत्राची बातमी छायाचित्रासह यावी म्हणून त्याच विद्यार्थ्यास दोनदोनदा फोन करणारे आम्ही. आणि वाचनालयात फुकट पत्र चाळून “हल्ली वाचण्यासारखे काही येत नाही” अशी कुरकुर करणारेही आम्हीच. महिन्याच्या ठरल्या तारखेस वेतन घेणाऱ्याने कमिशनवर जगणाऱ्यास निःस्पृहता शिकवावी, यासारखा दांभिकपणा दुसरा नाही.

म्हणून आमची मागणी थोडी पण स्पष्ट आहे. प्रत्येक पत्राने आपल्या तालुका प्रतिनिधीस नेमणूकपत्र व वेतन द्यावे. जाहिराती गोळा करण्यास वेगळा माणूस ठेवावा. तेवढे सामर्थ्य नसेल तर चार आवृत्त्या कमी काढाव्या. आणि आम्ही शिकलेल्यांनी विकत घेऊन पत्र वाचावे, स्वतःच्या अभिनंदनाच्या चौकटी बंद कराव्या.

येत्या सहा जानेवारीचे भाषण आम्ही नाकारले आहे. व्यासपीठावर बोलावयाचेच झाले तर तेथे आमच्या त्या विद्यार्थ्यास उभे करावे, आणि त्याने आपल्या वर्षाच्या कमाईचा हिशोब वाचून दाखवावा. समोरच्या रांगेत बसून तो ऐकावयास आम्ही येऊ.