पाच शून्ये



मी जुन्नर तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि पंचवीसहून अधिक वर्षे अजित आगरकर या क्रिकेटपटूचा चाहता आहे. यांतील पहिली गोष्ट ऐकून कोणी हसत नाही. दुसरी ऐकून मात्र नारायणगावच्या एस. टी. स्थानकापासून घोडेगावच्या चहाच्या टपरीपर्यंत सगळे हसतात. मग कोणीतरी हमखास विचारतो, "सर, पाच शून्यांचा तोच ना?"

होय, तोच. आज मी त्याची वकिली करणार आहे. साक्षीदार म्हणून मी दोघांना बोलावणार आहे : एक आपले शाळेतले गणित आणि दुसरी आपल्याच खोडदची रेडिओ दुर्बीण. निकाल तुम्ही द्यायचा आहे.

प्रथम आरोपपत्र वाचू. १९९९ च्या डिसेंबरात भारतीय संघ ऑस्ट्रेलियात तीन कसोटी सामन्यांची मालिका खेळायला गेला. अॅडलेडच्या पहिल्या कसोटीतील दुसऱ्या डावात आगरकर शून्यावर बाद झाला. मेलबर्नला दोन्ही डावांत शून्य. सिडनीला दोन्ही डावांत शून्य. लागोपाठ पाच शून्ये! पुढे २००१ साली ऑस्ट्रेलियाचा संघ मुंबईला आला, तेव्हाही दोन्ही डावांत शून्यच. इंग्रजीत फलंदाजाच्या शून्याला 'डक' म्हणजे बदक म्हणतात, कारण बदकाचे अंडे शून्यासारखे दिसते. आणि आपल्या बोंबील माशाचे इंग्रजी नाव आहे 'बॉम्बे डक'. आगरकर मुंबईचा. मग काय, नाव आयतेच तयार होते! ते त्याला असे चिकटले की पुढे त्याने काहीही केले तरी सुटले नाही.

आता त्याने पुढेमागे काय केले तेही पाहू. पहिली गोष्ट अशी, की आगरकर मुळात गोलंदाज. १ एप्रिल १९९८ रोजी तो पहिला एकदिवसीय सामना खेळला आणि त्याच वर्षी अवघ्या २३ सामन्यांत त्याने ५० बळी पूर्ण केले. त्याने ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीचा विक्रम मोडला होता, आणि त्याचा स्वतःचा विक्रम २००९ पर्यंत टिकला. डिसेंबर २००० मध्ये राजकोटला झिंबाब्वेविरुद्ध त्याने २१ चेंडूंत अर्धशतक काढले. २००२ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड्‌सच्या मैदानावर त्याने कसोटीत नाबाद १०९ धावा केल्या. ज्या मैदानावर सचिन तेंडुलकरलाही कसोटी शतक काढता आले नाही, त्या मैदानावर या 'बदका'चे शतक नोंदलेले आहे!

आणि २००३ चा डिसेंबर. पुन्हा तेच अॅडलेड, जिथे त्या पाच शून्यांतले पहिले पडले होते. दुसऱ्या डावात आगरकरने ४१ धावांत ६ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव १९६ धावांत संपला. ती कसोटी भारताने जिंकली. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर १९८१ नंतर मिळालेला तो पहिला कसोटी विजय होता. राहुल द्रविडच्या २३३ आणि नाबाद ७२ धावा सर्वांना आठवतात, आणि आठवायलाच हव्यात. पण आगरकरचे ६ बळी कितीजणांना आठवतात? तुमच्या वडिलांना विचारून पाहा. शून्ये किती, हे ते लगेच सांगतील.

असे का होते? येथे मी पहिला साक्षीदार बोलावतो.

तुमच्या वर्गात ३२ विद्यार्थी आहेत असे धरा. प्रत्येकाने एक नाणे पाच वेळा उडवायचे. छापा पडला तर धावा झाल्या, काटा पडला तर शून्यावर बाद. नाणे पाचही वेळा काटा दाखवील याची संभाव्यता किती? १/२ ला १/२ ने पाच वेळा मांडून गुणा. उत्तर येते १/३२. म्हणजे ३२ जणांच्या वर्गात सरासरीने एकाच्या वाट्याला पाच काटे येतात. कधी कोणालाच येणार नाहीत, कधी दोघांना येतील. आता सांगा, ज्याला पाच काटे आले त्याचे काय चुकले? त्याचा हात वाईट होता, की नाणे खोटे होते? काहीच नाही. कोणाच्या तरी वाट्याला ते येण्याचा संभव मोठा होता. ते त्याच्या वाट्याला आले, इतकेच. पण आपण त्याला 'काटेवाला' असे नाव देऊन वर्षभर हाक मारू लागलो, तर ते शहाणपणाचे होईल काय?

तुम्ही म्हणाल, "सर, क्रिकेट म्हणजे काही नाणेफेक नव्हे." अगदी खरे आहे. त्यात कौशल्य असते, मनावर दडपण असते. पण आठव्या-नवव्या क्रमांकावर येणारा गोलंदाज जेव्हा मॅग्रा आणि ली यांच्यासमोर उभा राहतो, तेव्हा तो शून्यावर बाद होणे ही काही नवलाची गोष्ट नाही. असे हजारो डाव जगभर शंभराहून अधिक वर्षे खेळले गेले आहेत. एवढ्या मोठ्या गर्दीत कोणाच्या तरी नावापुढे पाच शून्ये एका रांगेत उभी राहणारच. आगरकरच्या आधी ऑस्ट्रेलियाच्या बॉब हॉलंडच्या नावापुढेही ती तशीच उभी होती.

आता दुसरी साक्षीदार. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलांना तिची ओळख करून द्यायला नको. नारायणगावजवळ खोडदला शेतांमधून ज्या प्रचंड जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, तीच ही महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे 'जीएमआरटी'. डॉ. गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी ती उभारली. तबकड्या एकूण ३०. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ आहेत आणि बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे भरणाऱ्या प्रदर्शनाला तुमच्यापैकी काहीजण गेलेही असतील.

ही दुर्बीण आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ-तरंग टिपते. तिच्यापुढची अडचण अशी, की तरंग आपल्या पृथ्वीवरही कमी नाहीत. एखाद्या मोटारसायकलची ठिणगी, विजेच्या तारांवरील सैल जोड, मोबाइलचा मनोरा, या साऱ्यांचा गोंगाट तिच्या कानावर सतत आदळत असतो. गोंगाट जवळचा आणि जोरकस; ताऱ्याचा संदेश दूरचा आणि हळुवार. मग शास्त्रज्ञ तो कसा ओळखतात?

पल्सार नावाचे तारे घड्याळाप्रमाणे ठराविक कालांतराने रेडिओ-स्पंद पाठवत असतात. बहुतेक पल्सारांचा एकेक स्पंद इतका दुबळा असतो की तो गोंगाटात बुडून जातो. म्हणून शास्त्रज्ञ अनेक स्पंद नोंदतात आणि ते एकावर एक ठेवून त्यांची बेरीज करतात. स्पंद दर वेळी ठरल्या जागी येतो, त्यामुळे त्याची बेरीज वाढत जाते. गोंगाट मात्र कधी वर, कधी खाली असा स्वैर असतो. त्याचे वरचे-खालचे बरेचसे एकमेकांना खोडते. १०० स्पंदांची बेरीज केली तर खरा संदेश १०० पट होतो, पण गोंगाट १०० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १० पटच वाढतो. गोंगाटाच्या मानाने संदेश दसपट उठून दिसतो. केवढी साधी युक्ती! तिच्यासाठी फक्त एक गुण लागतो : धीर. एका क्षणाच्या खरखरीवरून निष्कर्ष काढायचा नाही. पुष्कळ ऐकायचे आणि मग बोलायचे.

आता आगरकरची हीच बेरीज करू या. एकदिवसीय सामने १९१, बळी २८८. दर बळीमागे सरासरी २७.८५ धावा. साधारणपणे दर ३३ चेंडूंना एक बळी. त्याचे एकदिवसीय सामने थांबले तेव्हा भारताकडून त्याच्यापेक्षा जास्त बळी घेणारे दोघेच होते : अनिल कुंबळे आणि जवागल श्रीनाथ. पाच शून्ये ही ठिणगीची खरखर आहे. २८८ बळी हा अनेक वर्षे ठरल्या जागी येत राहिलेला स्पंद आहे.

पण थांबा. चाहत्याचे प्रेम आंधळे असते असे म्हणतात, आणि विज्ञानाच्या शिक्षकाला आंधळे राहून चालणार नाही. बेरीज करायची तर पूर्ण करायला हवी. आगरकर २६ कसोटी सामने खेळला. त्यांत त्याला ५८ बळी मिळाले, आणि दर बळीमागे ४७ हून अधिक धावा मोजाव्या लागल्या. हा आकडा चांगला नाही. एकदिवसीय सामन्यांतही तो षटकामागे पाचांहून थोड्या जास्त धावा देत असे. 'आगरकर कसोटीत अपेक्षेइतका यशस्वी झाला नाही' असे कोणी म्हणाले तर मी मान डोलावीन, कारण ती टीका पूर्ण वही वाचून केलेली आहे. 'तो पाच शून्यांचा' असे म्हणाले तर मात्र मी भांडेन. टीका आणि चेष्टा यांतला फरक हाच आहे.

असे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. फुटबॉलमध्ये आघाडीला खेळणाऱ्याचे नशीब तर याहून कठोर. १७ जुलै १९९४ रोजी अमेरिकेतील पॅसाडेना येथे विश्वचषकाचा अंतिम सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि निर्णय पेनल्टीवर गेला. इटलीच्या रॉबर्तो बाज्जोने मारलेला चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून उडून गेला आणि ब्राझील जिंकले. तेव्हापासून बाज्जो म्हणजे ती चुकलेली पेनल्टी! पण त्याच्या आधी इटलीच्या दोघांच्या पेनल्टी वाया गेल्या होत्या. त्याने गोल केला असता तरी ब्राझीलची एक पेनल्टी शिल्लक होतीच. आणि इटली अंतिम सामन्यापर्यंत पोचली कशी? बाद फेरीच्या तीन सामन्यांत इटलीने एकूण सहा गोल केले. त्यांतले पाच बाज्जोचे होते! ज्याने घर बांधले, त्याच्या नावावर गळकी पन्हळ तेवढी लिहिली गेली.

आता एक कबुली. ही सारी वकिली मी आज करतो आहे. पण जेव्हा करायला हवी होती तेव्हा मी केली नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या संघात आठवीतला एक मुलगा होता. डोंगराकडच्या वाडीतून रोज चालत यायचा. अंगाने किरकोळ, पण चेंडू असा टाकायचा की यष्टिरक्षक दोन पावले मागे सरायचा. तालुक्याच्या सामन्यांत तो सलग तीन वेळा शून्यावर बाद झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्याला 'या, शून्यवीर!' अशी हाक मारली. वर्ग खदखदून हसला. तोही हसला. मला वाटले, छान विनोद झाला.

ते नाव वर्गातून मैदानावर गेले, मैदानावरून वाडीवर गेले. पुढच्या महिन्यात त्याने मैदानावर येणे बंद केले. वर्षाअखेरीस संघाची गुणनोंदवही चाळताना मी त्याच्या नावासमोरचे बळी मोजले. त्या वर्षी आमच्या संघात सर्वांत जास्त बळी त्याचेच होते. वही माझ्याच कपाटात होती. मी ती उघडली नव्हती.

तो आता शेती करतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन येतो, कधी भेटतो, आदराने बोलतो. त्याचे मित्र अजूनही त्याला त्याच नावाने हाक मारतात आणि तो हसतो. मला हसू येत नाही. मी त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो म्हणाला, "सोडा हो सर, जुनी गोष्ट." पण एका दिवशी भाव पडला म्हणून टोमॅटोचे पीक वाईट असे तो कधी म्हणत नाही, साऱ्या हंगामाचा हिशेब मांडतो आणि मगच बोलतो. जे मी त्याला शिकवायला हवे होते, ते तो शेतात शिकला.

म्हणून मित्रहो, आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, एक विनंती आहे. कोणाला नाव ठेवण्याआधी वही उघडा. वर्गात एखाद्याचे एक उत्तर चुकते, एखादीचा प्रयोग एकदा फसतो, शर्यतीत एखादा एकदा अडखळून पडतो. ती एक ठिणगी असते. तिच्यामागे एखादा स्पंद शांतपणे चालू असेल. पण तो ऐकायला बेरीज करावी लागते.

आणि ज्याला असे नाव मिळाले आहे, त्याने हे लक्षात ठेवावे : पाच शून्यांनंतर आगरकर मैदान सोडून गेला नाही. त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने जानेवारी २०१३ मध्ये रणजी करंडक चाळिसाव्यांदा जिंकला आणि त्याच वर्षी त्याने सन्मानाने निवृत्ती घेतली. पहिल्या शून्याला तेव्हा तेरा वर्षे झाली होती.

उद्या वर्गात नाण्यांचा प्रयोग जरूर करून पाहा. ज्याला पाच काटे येतील, त्याला टाळ्या द्या. फक्त नाव देऊ नका.