सर्व सांगणें आणि समजेल असें सांगणें

लातूरच्या मोंढ्यांत आडतीच्या दुकानीं मुरलेला मुनीम बसलेला असतो. समोरच्या मनुष्याच्या तोंडून अर्धा शब्द निघतो न निघतो तोंच त्याला काय पाहिजे हें तो ताडतो; आणि दोन-तीन गोष्टी संभवत असल्या तर त्या पुढें मांडून ‘ह्यांतली कोणती?’ असें विचारतो. संगणकावर आज्ञा लिहून काम घेणाऱ्याच्या पदरीं असाच एक मुनीम आहे. लिहिलेली आज्ञा वाचून ती पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात, आणि अर्धवट आज्ञा पुरी करून देण्याची त्याची जी सोय, तिला आम्ही ह्या लेखांत पूर्तिव्यवस्था म्हणूं. ‘सीडी डॉक्यु’ एवढें लिहून टॅबची कळ दाबली कीं ‘डॉक्युमेंट्स’ हें पुरें नांव पडद्यावर उमटतें. श्रम वांचतात, चूकही टळते.

ही युक्ति आजकालची नव्हे. टेनेक्स नांवाच्या जुन्या संगणक-प्रणालींत ती होती. तेथून ती टीसीशेलमध्यें आली, आणि त्या नांवांतील पहिलें अक्षर टेनेक्सचीच आठवण देतें. ब्रायन फॉक्स ह्यांचा बॅश १९८९ मध्यें निघाला. पुढच्याच वर्षीं पॉल फाल्स्टाड ह्यांनीं झेड शेल रचिला, तेव्हां ते प्रिन्स्टन येथें विद्यार्थी होते, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिवर्गानें अवश्य लक्षांत ठेवावी. झेड शेलची आजची पूर्तिव्यवस्था मुख्यतः स्वेन विश्नोव्स्की ह्यांनीं उभारली, आणि २००१ मध्यें निघालेल्या चौथ्या आवृत्तीपासून ती सर्वांच्या हातीं आली.

परंतु मुनीम जन्मतः शहाणा नसतो. त्याला कोणीं तरी दुकान दाखवावें लागतें. कोणत्या आज्ञेपुढें कोणते शब्द शोभतात, हें शेलला आपण होऊन कळत नाहीं. प्रत्येक आज्ञेकरितां कोणीं तरी एक लहानसा लेख लिहून ठेविलेला असतो. त्याला पूर्तिलेख म्हणूं. आपल्या शाळेच्या ग्रंथालयासाठीं एखाद्या मुलानें पुस्तकें शोधण्याचा छोटासा प्रोग्रॅम केला, तर त्याचा पूर्तिलेखही त्यालाच लिहावा लागेल. तो कसा लिहावा हें शिकण्यासाठीं तो माहितीपत्रिका उघडतो, आणि खरी अडचण येथेंच सुरू होते.

झेड शेलची पूर्तिव्यवस्थेवरील पत्रिका अपुरी आहे, असें कोणी म्हणणार नाहीं. तींत जवळजवळ सर्व कांहीं आहे. पण आरंभीं व्यवस्था सुरू कशी करावी तें येतें. मग खुणा व शैली ह्यांच्या वर्णानुक्रमानें लांबलचक याद्या येतात. आणि ज्या साधनांनीं पूर्तिलेख लिहावयाचा तीं त्यानंतर फार पुढें भेटतात. त्यांतील ‘आर्ग्युमेंट्स’ ह्या एका साधनाचें वर्णनच कित्येक पानें चालतें. सर्वांत खालच्या पायरीचीं साधनें तर निराळ्याच पत्रिकेंत आहेत. ज्याला हें सारें आधींच ठाऊक आहे, त्याला ही मांडणी सोयीची. ज्याला ठाऊक नाहीं, त्याला ती अरण्यासारखी वाटते.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, सर्व सांगणें हें एक काम आहे आणि समजेल असें सांगणें हें दुसरें. आणि पहिल्यानें दुसऱ्याची भरपाई होत नाहीं. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें निघाला. तरी दादोबा पांडुरंग ह्यांनीं १८३६ मध्यें मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तें अनावश्यक ठरलें नाहीं. कोश आहे म्हणून बालबोध पुस्तक नको, असें कोणताही शिक्षक म्हणणार नाहीं. पीटर स्टीफनसन ह्यांनीं झेड शेलवर जी वाचनीय मार्गदर्शिका लिहिली, तींत पूर्तीला एक मोठें प्रकरण दिलें आहे, हें योग्यच झालें. मात्र असलीं पुस्तकें वेळोवेळीं नवीं करावीं लागतात.

कोणी म्हणेल, ‘दुसऱ्यांचे पूर्तिलेख वाचून त्यांची नक्कल करावी, शिकण्याची खरी रीत तीच.’ नक्कलेनें हात वळतो, हें आम्हांस मान्य आहे. पण कारण न समजतां केलेल्या नक्कलेंत मूळच्या चुकाही उतरतात, आणि त्या कोणत्या हें नक्कल करणाऱ्यास कळत नाहीं.

मग चांगली मार्गदर्शिका कशी असावी? प्रथम दहा ओळींचा एकच पूर्तिलेख द्यावा, जो लिहितांच चालेल. मग त्याची एकेक ओळ उलगडावी. विषयांची मांडणी वर्णमालेनें न करितां वाचकाच्या प्रश्नांनीं करावी: दोन पर्याय एकत्र चालत नसतील तर काय लिहावें? फक्त फायलींचीं नांवें हवीं असतील तर काय? तिसरें, बिघडलें तर काय करावें तेंही सांगावें. एकदां वाचलेला पूर्तिलेख शेल स्मरणांत धरितो. म्हणून लेख सुधारूनही जुन्याच सूचना येत राहतात आणि नवशिका हताश होतो. ‘नवा शेल उघडून पाहा’ एवढ्या चार शब्दांनीं त्याची संध्याकाळ वांचते. चौथें आणि सर्वांत महत्त्वाचें, मार्गदर्शिका नवशिक्याकडून वाचवून घ्यावी. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतून चाललेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमांत पाठाची संहिता नवशिक्याकडून तपासून घेण्याची रीत आहे, आणि लिनक्स व बॅश ह्यांवरील त्याचे पाठ मराठींतही ऐकावयास मिळतात. आज्ञेचे शब्द इंग्रजी राहिले तरी त्यांचें विवरण मराठींत उत्तम होऊं शकतें, ह्यास हा पुरावा पुरे.

पुण्याबंगळुरास काम करणाऱ्या तरुणाचें अडलें तर तो शेजारच्या मेजावर विचारतो. मुरुडांतल्या मुलाजवळ असा शेजारी बहुधा नसतो. लिहिलेलें पान हाच त्याचा गुरु. तें पान दुर्बोध असलें तर तो ‘पान वाईट आहे’ असें म्हणत नाहीं. ‘आपल्याला हें जमणार नाहीं’ असें म्हणून विषय सोडतो. हें नुकसान कोणत्याही हिशेबवहींत दिसत नाहीं, म्हणून तें अधिक मोठें. पालकांनींही ह्यावरून मुलाच्या बुद्धीविषयीं घाईनें निर्णय करूं नये.

आणि विद्यार्थ्यांनीं ध्यानांत धरावें कीं, आपण कोठें अडलों हें नवशिक्याइतकें कोणासच नीट सांगतां येत नाहीं. जाणता झाल्यावर तो आपलें अडणें विसरतो. म्हणून अडलेली जागा त्याच दिवशीं वहींत लिहावी, आणि समजल्यावर तिच्याखालीं दोन मराठी ओळींत उत्तर लिहावें. अशा पन्नास नोंदी जमल्या कीं पुढच्या वर्गाची मार्गदर्शिका निम्मी तयार झालीच म्हणावयाची.